वाळवंटी पार्कांची सफर आणि सोबत कुत्रा-मांजर: वाचकांचे प्रश्न

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात गाडीने फिरायला निघणाऱ्या वाचकांचे पाळीव प्राण्यांविषयीचे प्रश्न या वेळी बरेच आले. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : मार्चअखेरीस लास वेगासहून झायन, ब्राइस, आर्चेस, कॅनियनलँड्स आणि शेवटी ग्रँड कॅनियन असा बेत आहे. बरोबर चार वर्षांचा लॅब्राडॉर असेल. सगळीकडे कुत्र्यांना परवानगी आहे असं वाचलं. तरी मित्रमंडळी ‘कुत्र्याला घरी ठेवा’ म्हणतात. का?

कारण ही परवानगी बहुतेक ठिकाणी गाडी जाते तिथवरच असते. रस्ता, पार्किंग, कॅम्पग्राउंड, पिकनिकची जागा, झालं. पायवाट सुरू झाली की कुत्र्याची हद्द संपते. तुम्ही निवडलेल्या पाच पार्कांपैकी तीन या बाबतीत भलतेच कडक आहेत.

आर्चेसमध्ये एकाही ट्रेलवर कुत्रा चालत नाही. पाठीवरच्या पिशवीत किंवा कडेवर घेतलेलाही नाही. कॅनियनलँड्समध्ये तर फोर-व्हील ड्राइव्हच्या कच्च्या रस्त्यांवर कुत्रा गाडीत बसलेला असला तरी मनाई आहे. मोॲब या गावाहून पार्काच्या आयलंड इन द स्काय या भागाला चढणारा पोटॅश-शेफर रस्ता तेवढा अपवाद. झायनमध्ये एकच ट्रेल खुला आहे, पारुस. व्हर्जिन नदीच्या काठाने जाणारी ही फरसबंद वाट एका बाजूने पावणेदोन मैल आहे. शटल बसमध्ये कुत्रा नेता येत नाही, आणि शटलच्या हंगामात झायन कॅनियनच्या आतल्या रस्त्यावर खासगी गाड्या सोडत नाहीत. म्हणजे मार्चअखेरीस कुत्र्यासह आत जायची सोय जवळपास नाहीच. पारुसवरही कुत्र्याला नदीत उतरू देऊ नका, पाणी पिऊ देऊ नका. २०२० पासून या नदीत विषारी सायनोबॅक्टेरियाचे (शेवाळासारख्या जिवाणूंचे) थर आढळले आहेत आणि त्याच वर्षी एक पिल्लू त्याने दगावलं. हे थर पाण्याखाली दगडांना चिकटून असतात, त्यामुळे पाणी वरून नितळ दिसतं.

ब्राइसमध्ये सनराइज पॉइंट ते सनसेट पॉइंट हा कड्यावरचा फरसबंद तुकडा चालतो, खाली उतरता येत नाही. उंची आठ हजार फुटांच्या पुढे आहे, तेव्हा मार्चमध्ये तिथे उन्हाऐवजी बर्फाची तयारी ठेवा. ग्रँड कॅनियनच्या साउथ रिमवर, म्हणजे दरीच्या दक्षिण कड्यावर, मात्र कुत्र्याची चैन आहे. कड्यावरच्या सगळ्या वाटा त्याला मोकळ्या. रिमच्या खाली एक पाऊलही नाही. हर्मिट रोड १ मार्च ते ३० नोव्हेंबर खासगी गाड्यांना बंद असतो आणि तिथल्या शटलमध्येही कुत्रा चालत नाही, म्हणून त्या बाजूची दृश्यं रिम ट्रेलने पायीच गाठावी लागतील. साउथ रिमला पार्काच्या आवारातच केनेल, म्हणजे कुत्रे सांभाळायची जागा, आहे. दिवसभरासाठी किंवा रात्रीसाठी कुत्रा ठेवता येतो, पण लसीकरणाचा दाखला लागतो आणि जागा आधी राखून ठेवलेली बरी.

आमचं मत विचाराल तर पार्कांची यादी आधी आणि कुत्रा नंतर, हा क्रम उलटा करा. कुत्र्यासाठी या भागातली दोन पार्कं खरोखर चांगली आहेत. पहिलं ॲरिझोनातलं पेट्रिफाइड फॉरेस्ट. हॉलब्रुकजवळ आय-४० या महामार्गाच्या लगतच आहे. सगळे अधिकृत ट्रेल आणि वाइल्डरनेसचा, म्हणजे मुद्दाम रानटी ठेवलेला, भागसुद्धा कुत्र्याला खुला. पार्क दिवसाच उघडं असतं, आत कॅम्पग्राउंड नाही, म्हणून मुक्काम बाहेर. (तिथला दगड झालेल्या लाकडाचा तुकडा उचलायला बंदी आहे. काठी दिसली की तोंडात धरणाऱ्या लॅब्राडॉरला हे समजावणं तुमच्याकडे.) दुसरं न्यू मेक्सिकोतलं व्हाइट सँड्स. तिथली वाळू जिप्समची आहे, साध्या वाळूसारखी तापत नाही, त्यामुळे पंजे भाजत नाहीत. सावली मात्र नाही आणि व्हिजिटर सेंटर सोडलं की पाणीही नाही. शेजारच्या क्षेपणास्त्र तळावर चाचणी असली की रस्ता काही तास बंद ठेवतात, त्याची सूचना निघण्याआधी पाहून घ्या.

मोॲबचा मोह सुटत नसेल तर डेड हॉर्स पॉइंट या स्टेट पार्कात जा. कॅनियनलँड्सच्या तोडीची दरी, आणि पायी चालण्याच्या ट्रेलवर लीश (हातात धरायचा पट्टा) लावून कुत्रा चालतो. इंट्रेपिड नावाच्या सायकलच्या वाटांवर चालत नाही. ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी खात्याच्या ताब्यातला ग्रँडस्टाफ ट्रेलही सोयीचा आहे, ओढ्याकाठाने जातो. तिथे पॉयझन आयव्ही ही खाजरी वेल मुबलक वाढते. कुत्र्याला फारसं काही होत नाही, पण त्याच्या केसांना लागलेलं वेलीचं तेल तुमच्या हाताला लागलं की खाज सुरू. आर्चेस पाहायचंच असेल तर त्या एका दिवसासाठी मोॲबमध्ये डे-केअर बघा. रेबीज, डीएचपीपी (डिस्टेंपर, पार्व्हो वगैरेंची एकत्रित लस) आणि बॉर्डेटेला (संसर्गजन्य खोकल्याची लस) या तिन्हींचे दाखले बहुतेक ठिकाणी मागतात, आणि बॉर्डेटेलाची लस काही दिवस आधी दिलेली असावी असा आग्रह असतो. निघायच्या आदल्या दिवशी दवाखाना गाठून भागत नाही.

आणि लीश. राष्ट्रीय उद्यानांत तिची कमाल लांबी ६ फूट. गुंडाळत जाणारी लांब लीश तितक्यावर कुलूप लावून वापरली तरी रेंजर हटकतात आणि कड्याच्या टोकाला ते कुलूप सुटलं तर काय, हा प्रश्न उरतोच. साधी जाड पट्ट्याची लीश घ्या, आणि ती गळपट्ट्याला नव्हे, हार्नेसला (छातीवरून बांधायच्या पट्ट्याला) अडकवा.

प्रश्न : आम्हाला सुट्टी जुलैतच मिळते. डेथ व्हॅलीत पहाटे लवकर फिरवलं तर?

नको. डेथ व्हॅलीतल्या फर्नेस क्रीकला जुलैत दिवसाचं सरासरी कमाल तापमान ११६ फॅरनहाइटच्या, म्हणजे ४७ सेल्सिअसच्या घरात असतं आणि किमान ८८ च्या आसपास. म्हणजे पहाटेचा ‘गारवा’ ३१ सेल्सिअस. कुत्र्याला घाम येतो तो जवळपास पंजांपुरताच. अंगातली उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो. हवा त्याच्या अंगाहून तापली की ते सगळं काम बाष्पीभवनावर येतं आणि त्यात पाणी झपाट्याने संपतं. पग, फ्रेंच बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तेही धड जमत नाही. त्यांना तर ऑक्टोबर ते एप्रिल सोडून या भागात आणूच नये.

हिवाळ्यात मात्र डेथ व्हॅली कुत्र्यासाठी वाटते तितकी वाईट नाही. ट्रेल बंद असले तरी रस्ते खुले आहेत, कच्चेसुद्धा, आणि ज्या कच्च्या रस्त्यावर गाड्या तुरळक तिथे फिरणं ट्रेलइतकंच छान होतं. जोशुआ ट्रीमध्येही तोच मार्ग: रस्त्यापासून १०० फुटांच्या आत राहायचं, ट्रेलपैकी ओॲसिस ऑफ मारा हाच काय तो खुला. टुसॉनजवळच्या सावारो पार्कात डेझर्ट इकॉलॉजी आणि डेझर्ट डिस्कव्हरी हे दोन छोटे फरसबंद ट्रेल चालतात.

फिरायला नेण्याआधी उलटा तळहात डांबरावर सात सेकंद टेकवा. टेकवत नाही, तर पंजाही टेकवायचा नाही. हवा ७७ फॅरनहाइट असताना उन्हातलं डांबर १२५ पर्यंत गेल्याची नोंद आहे. सूर्य मावळल्यावरही ते बराच वेळ तापलेलं राहतं, त्यामुळे संध्याकाळपेक्षा पहाट बरी. बूट घालायचे तर घरी आठवडाभर सवय करा आणि वाटेत दर अर्ध्या तासाने काढून बघा. आत वाळू गेली की बूटच पंजा सोलतो.

पाण्याचा हिशोब असा. कुत्र्याला साध्या दिवशी किलोमागे ५० ते ६० मिलिलिटर लागतं. चालण्याच्या दिवशी दुप्पट धरा. २५ किलोच्या कुत्र्याला रोज तीन लिटर. माणशी एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर वेगळं. दोन माणसं आणि एक कुत्रा मिळून दिवसाला साधारण साडेदहा लिटर, वर गाडी बंद पडली तर म्हणून आणखी एका दिवसाचा साठा. दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडं थोडं पाजा. दमल्यावर एकदम गटागटा प्यायला की ओकतो, आणि प्यायलेलं सगळं वाया जातं.

ऊन लागल्याची खूण म्हणजे जीभ लांब आणि टोकाला रुंद होणं, चिकट तारेसारखी लाळ, हिरड्या विटकरी लाल, मग तोल जाणं, उलटी, जुलाब. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, १०५ च्या वर गेलं की जिवावरचं. आधी गार करा, मग दवाखाना. सावलीत घेऊन हाताशी असेल ते पाणी अंगभर ओता, पोटाखाली आणि मांड्यांच्या आतही, आणि वारा घाला किंवा गाडीचा एसी पूर्ण सोडा. ‘गार पाणी घातलं तर रक्तवाहिन्या आकसतात’ या भीतीने थांबू नका. उशीर त्याहून घातक. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवणं मात्र चूक, खाली उष्णता कोंडते. गुदद्वारात थर्मामीटर लावून बघा, १०३.५ ला आलं की पाणी थांबवा, नाहीतर तापमान घसरतच जातं. नंतर तो उठून शेपूट हलवू लागला तरी दवाखान्यात न्याच. मूत्रपिंडं आणि रक्त गोठण्याच्या तक्रारी एक-दोन दिवसांनीही निघतात.

एक गोष्ट फार कोणी सांगत नाही. वाळवंटातल्या लांब चढणींवर इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करण्याच्या पाट्या असतात. बेकरजवळ आय-१५ वर आहेत, डेथ व्हॅलीच्या बाहेरच्या घाटांतही आहेत. तो अर्धा तास मागच्या सीटवरच्या क्रेटमध्ये हवा पोचत नाही. असे चढ पहाटे गाठा, आणि क्रेटवर चादर टाकलेली असेल तर काढा.

प्रश्न : व्ह्यू पॉइंटला पाच मिनिटं खिडकी किलकिली ठेवून कुत्र्याला गाडीत ठेवलं तर चालेल ना? आमच्या इलेक्ट्रिक गाडीत तर डॉग मोड (आपण नसतानाही एसी चालू ठेवणारी सोय) आहे.

बाहेर ७० फॅरनहाइट असताना बंद गाडीत दहा मिनिटांत ८९ आणि अर्ध्या तासात १०४ होतं. खिडकी थोडी उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. कॅलिफोर्नियात प्राण्याला धोका होईल अशा स्थितीत गाडीत सोडणं गुन्हा आहे; ॲरिझोनात अशा प्राण्याला वाचवण्यासाठी कोणी काच फोडली तर ठरलेल्या अटींत कायदा त्याला संरक्षण देतो. डॉग मोड शहरात ठीक. पण काही बिघडल्याचा इशारा फोनवर येतो आणि या पार्कांत बहुतेक ठिकाणी नेटवर्क नसतं. दोघंजण असाल तर आळीपाळीने बघा. डेलिकेट आर्चला जाऊन यायला दोन-तीन तास लागतात. तितका वेळ दुसऱ्याने कुत्र्याबरोबर मोॲबला थांबावं.

प्रश्न : आमची मांजर गाडीत सतत ओरडते. झोपेचं औषध द्यावं का?

औषध व्हेटच्या सल्ल्यानेच, आणि त्यांना ‘गरम प्रदेशात जाणार आहोत’ हे आवर्जून सांगा. ॲसेप्रोमाझिनसारखी औषधं शरीराचं तापमान सांभाळण्याची ताकद कमी करतात. मांजरांना बऱ्याचदा गॅबापेंटिन देतात, प्रवासाआधी दोन-तीन तास. पहिला डोस घरी देऊन बघा. काही मांजरी त्यावर झिंगल्यासारख्या चालतात, ते कळलेलं बरं. माणसांचं पॅरासिटामॉल मांजराला विष आहे.

कॅरिअर सीट बेल्टने बांधा आणि गाडीचं दार उघडण्याआधी त्याचं दार बंद आहे ना बघा. मांजरं हरवतात ती पेट्रोल पंपावर. मायक्रोचिपवर नोंदवलेला फोन नंबर आजचा आहे का तेही तपासा. मोटेलात गेल्यावर आधी पलंगाखालची फट उशांनी बुजवा, मगच कॅरिअर उघडा. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागली तर वाट पाहू नका, ती आणीबाणी आहे.

प्रश्न : साप, काटे, विषारी प्राणी यांचं काय करायचं?

रोज गाठ पडेल ती चोया निवडुंगाशी. नुसता स्पर्श झाला तरी तुकडा तुटून अंगाला चिकटतो आणि काट्यांना उलटे आकडे असतात. हाताने ओढू नका. कुत्र्याला दातांनी तर मुळीच काढू देऊ नका, तोंडात रुततं. रुंद दातांचा कंगवा तुकडा आणि कातडी यांच्या मध्ये सरकवून झटक्यात उडवा, मग मागे राहिलेले काटे पकडीने एकेक काढा. कंगवा आणि पकड खिशात हवेत, गाडीत नकोत.

रॅटलस्नेक चावला तर पट्टा आवळणं, चीर देणं, बर्फ लावणं यातलं काही करायचं नाही. गळपट्टा काढा, कारण सूज चढते. शक्य असेल तर उचलून न्या आणि आधी फोन करून प्रतिविष आहे का विचारा. सगळ्या दवाखान्यांत ते नसतं, म्हणून मुक्कामाच्या प्रत्येक गावातल्या आपत्कालीन दवाखान्याचा नंबर कागदावर लिहून ठेवा.

दक्षिण ॲरिझोनात पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, रात्री सोनोरन डेझर्ट टोड बाहेर पडतो. हा मोठा बेडूक तोंडात धरला की लाळ गळते आणि झटके येऊ शकतात. कुत्र्याचं तोंड खाली झुकवून बाजूने पाण्याची धार सोडा, म्हणजे पाणी घशात न जाता बाहेर पडेल. हिरड्या ओल्या फडक्याने पुसा आणि निघा.

प्रश्न : कुत्र्याला इमोशनल सपोर्टचं पत्र मिळवलं तर ट्रेलवर नेता येईल का?

नाही. विशिष्ट कामासाठी शिकवलेल्या सर्व्हिस डॉगलाच ती मुभा आहे.

प्रश्न : फिनिक्सहून परतून महिना झाला. कुत्रा खोकतो, खाणं कमी झालंय. इथल्या डॉक्टरांनी केनेल कफचं (कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याचं) औषध दिलं, फरक नाही.

डॉक्टरांना ॲरिझोनाचा प्रवास सांगितला होतात का? तिथल्या मातीत कॉक्सिडिओइड्स नावाची बुरशी असते आणि उकरणाऱ्या, हुंगणाऱ्या कुत्र्यांच्या फुप्फुसांत तिचे बीजाणू जातात. याला व्हॅली फीव्हर म्हणतात. लक्षणं साधारण तीन आठवड्यांनी दिसू लागतात: कोरडा खोकला, ताप, वजन उतरणं, कधी लंगडणं. रक्ताची चाचणी आणि छातीचा एक्स-रे करून घ्या. पहिली चाचणी निगेटिव्ह आली आणि खोकला टिकला तर काही आठवड्यांनी पुन्हा करा. औषध बहुधा फ्लुकोनाझोल, तेही अनेक महिने. खोकला थांबला म्हणून मध्येच सोडू नका. खोकल्यातून हा आजार दुसऱ्या कुत्र्याला किंवा तुम्हाला लागत नाही, तेव्हा कुत्र्याला वेगळ्या खोलीत कोंडायची गरज नाही.