पोलीस खात्यात क्राइम अ‍ॅनालिस्टचं काम नेमकं काय असतं? पुढचा गुन्हा कुठे होणार हे आधी सांगता येतं का?

तुम्ही लिहिलंय की संख्याशास्त्रात एम.एस्सी. करताय, इंदूर सोडायचं नाहीये, आणि पोलिसांतलं हे काम आपल्याला जमेल का ते जाणून घ्यायचंय. मी याच शहरात पोलिसांच्या आकडेवारीचं काम करते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी दुसरा प्रश्न घेते. अमुक माणूस गुन्हा करणार, असं सांगता येत नाही. कोणी तसं सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. अमुक भागात, अमुक वेळेला, अमुक प्रकारच्या चोऱ्या वाढायची शक्यता आहे, एवढं मात्र बऱ्यापैकी सांगता येतं. एका घरी चोरी झाली की पुढचे काही दिवस त्याच गल्लीतल्या घरांना धोका जास्त असतो, हे कितीतरी देशांतल्या अभ्यासांत दिसून आलंय. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराचा 1989 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असतो. पोलिसांना आलेल्या फोनांपैकी निम्मे फोन शहरातल्या जेमतेम 3 टक्के पत्त्यांबद्दलचे होते. म्हणून रात्रीची गस्त सगळीकडे सारखी वाटण्याऐवजी कुठे वाढवावी, हे टीआय साहेबांपुढे, म्हणजे ठाण्याच्या प्रमुखापुढे, पुराव्यानिशी मांडणं हा आमच्या कामाचा गाभा.

आता रोजचं काम. बाहेरून वाटतं की मोठ्या पडद्यावर नकाशा आणि त्यावर लाल ठिपके. प्रत्यक्षात बहुतेक दिवस एफआयआर वाचण्यात आणि तक्ता नीट करण्यात जातो. ठाण्यात फरियादी (तक्रारदार) येतो, कायमी होते, म्हणजे गुन्हा नोंदला जातो, आणि मजकूर सीसीटीएनएसमध्ये, म्हणजे देशभरातली ठाणी जोडणाऱ्या पोलिसांच्या संगणक प्रणालीत, चढतो. त्या नमुन्यात घटना कधीपासून कधीपर्यंतच्या वेळात घडली आणि ठाण्यात खबर कधी आली, याचे वेगवेगळे रकाने असतात. एक रकाना चक्क पहराचा, म्हणजे प्रहराचा असतो.

या वेळेच्या रकान्यांवर थोडं थांबते, कारण इथेच नवखा माणूस फसतो. समजा सुदामानगरातलं एक कुटुंब शनिवारी संध्याकाळी 6 वाजता कुलूप लावून पुण्याला लग्नाला गेलं आणि सोमवारी सकाळी 8 वाजता परतलं, तर कडीकोयंडा तुटलेला. नकबजनी, म्हणजे घरफोडी, या 38 तासांत कधीतरी झाली. कॉम्प्युटरने फक्त ‘पासून’चा रकाना उचलला, तर ही चोरी शनिवारी संध्याकाळी 6 ला झाली असं दिसेल. अशी वीस-पंचवीस घरं जमली की आलेखात शनिवार संध्याकाळचा मोठा डोंगर उभा राहतो आणि गस्त तिकडे वळते. त्या वेळी मात्र लोक नुसते घरून निघालेले असतात.

यावर उपाय साधा आहे. एक चोरी 38 तासांत सारखी वाटायची, म्हणजे प्रत्येक तासाच्या वाट्याला 1/38. शेजारच्या घरातली मंडळी रविवारी रात्री 10 ला वरच्या मजल्यावर झोपली आणि सकाळी 6 ला खाली आली, तर त्या आठ तासांना प्रत्येकी 1/8. अशी सगळी प्रकरणं तासातासाने बेरजेला धरली की रविवारची उत्तररात्र आपोआप वर येते, कारण कमी तासांच्या प्रकरणांचं वजन तिथे पडतं. पुढे घरफोडी उघडकीला आली आणि आरोपींनी सांगितलेली वेळ या बेरजेशी जुळली की फार समाधान वाटतं. तुमच्या संख्याशास्त्राचा खरा उपयोग इथे आहे, भारी भारी मॉडेलांत नंतर.

पत्त्यांचं दुखणं वेगळं. राजवाडा, राजबाडा, रजवाडा, पलासिया, पलाशिया, एबी रोड, आग्रा-बॉम्बे रोड. कॉम्प्युटरला ही सगळी वेगळी ठिकाणं. ‘मंदिराजवळ’, ‘टाकीमागे’ असे पत्ते तर विचारूच नका. काही वेळा ठिकाण नकाशावर सापडलं नाही की नोंद ठाण्याच्याच ठिकाणावर जाऊन बसते, आणि मग नकाशात गावातली सगळ्यात धोक्याची जागा म्हणून खुद्द ठाणंच लाल होतं! अशा वेळी बीटच्या, म्हणजे त्या भागात नेमलेल्या, हवालदाराला फोन करून विचारावं. त्याला प्रत्येक टाकी आणि प्रत्येक मंदिर तोंडपाठ असतं. त्या माणसाचा मान ठेवलात तर तुमचं अर्धं काम झालं.

संख्या मोजतानाही सावध राहावं लागतं. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. त्यात हिसकावून नेण्याला कलम 304 असं स्वतंत्र कलम मिळालं, जुन्या भारतीय दंड विधानात ते नव्हतं. त्यामुळे नुसती कलमं मोजली तर गळ्यातली साखळी खेचण्याचे प्रकार त्या जुलैपासूनच सुरू झाले असं दिसेल. प्रत्यक्षात ते आधीही होत होते, फक्त चोरीच्या किंवा लुटीच्या कलमांत दडलेले. डिसेंबर 2021 मध्ये इंदूरला कमिशनर पद्धत आली, म्हणजे शहराचे पोलीस आयुक्तांच्या हाताखाली गेले, आणि ग्रामीण ठाणी वेगळी झाली, तेव्हा जिल्ह्याची जुनी बेरीज शहराच्या नव्या बेरजेशेजारी ठेवता येत नाही. एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी काढणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या) वार्षिक अहवालात एका एफआयआरमधला सगळ्यात गंभीर गुन्हाच मोजला जातो, म्हणून खुनासोबतची चोरी तिथे दिसत नाही. आणि 1930 या हेल्पलाइनवर केलेली प्रत्येक सायबर तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे, या दोन्हींची बेरीज करू नका.

तक्रार करणं सोपं झालं की आकडा वाढतो. त्याचा अर्थ गुन्हे वाढले असा होत नाही. हे बैठकीत ठामपणे सांगावं लागतं, कारण वाढलेल्या आकड्याचं ओझं वाटलं की कायमी टाळण्याचा मोह होतो, आणि त्यात भरडला जातो तो फरियादी. एखाद्या ठाण्याचा आकडा अचानक उतरला तर मी खूश होण्याआधी रोजनामचा (ठाण्याची रोजची नोंदवही) आणि मदतीचे फोन ताडून बघते.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. पारधी, कंजर, सांसी अशा समाजांना इंग्रजांच्या, 1871 साली सुरू झालेल्या, गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मानेच गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा 1952 साली रद्द झाला, संशय मात्र उरला. संशयितांच्या जुन्या याद्या जशाच्या तशा मॉडेलमध्ये घातल्या तर मॉडेल परत त्याच वस्त्यांकडे बोट दाखवणार. पोलीस तिथे जास्त जाणार, जास्त पकडणार, आणि पुढच्या महिन्यात मॉडेल म्हणणार, बघा, मी बरोबर होतं. सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 च्या निकालात तुरुंगांच्या नियमावल्यांमधला जातिभेद घटनाबाह्य ठरवला आणि विमुक्त जमातींच्या, म्हणजे त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्या समाजांच्या, लोकांना मनमानी अटक होऊ नये असंही बजावलं. म्हणून मी जागा आणि वेळ मोजते. जात, समाज, आडनाव यांचा रकाना विश्लेषणात घेत नाही, आणि कोणी मागितला तर तोंडावर नाही म्हणते. नाही म्हणायची भीड सोडता येत नसेल तर या कामात येऊ नका.

शिरकाव कसा करायचा? सरळ भरतीत मध्य प्रदेश कर्मचारी चयन मंडळाच्या जाहिरातींवर नजर ठेवा. सब-इन्स्पेक्टरच्या जागांमध्ये काही वेळा तांत्रिक शाखाही असतात. एक्सेल पक्कं हवं, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आणि क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) शिकून घ्या. क्यूजीआयएस फुकट मिळतं. हिंदी एफआयआर झरझर वाचता आली पाहिजे, त्याला पर्याय नाही.

काम जमेल की नाही हे बघायचं तर नोकरीची वाट बघू नका. संवेदनशील प्रकरणं सोडून बाकीच्या एफआयआर वेबसाइटवर टाकाव्यात असा सर्वोच्च न्यायालयाचा 2016 चा आदेश आहे, त्यामुळे मध्य प्रदेश पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर त्या बघता येतात. आपल्या घराजवळच्या ठाण्याच्या दोन महिन्यांच्या वाहनचोरीच्या एफआयआर काढा. तारीख, पासून, पर्यंत, जागा, गाडी कुठे उभी होती, एवढेच रकाने करा आणि तासांची वाटणी वर सांगितली तशी करून बघा. फरियादीचं नाव, फोन नंबर किंवा घर नंबर तुमच्या तक्त्यात उतरवू नका. कुठे अडलात तर इथेच खाली विचारा, तक्ता कसा मांडलात तेही लिहा.