पीडीएफ पाठवली म्हणजे धडा पोचला असं नाही : दृष्टिबाधित मुलांच्या अभ्यासाबद्दल तुमचे प्रश्न

यावेळी पत्रं गोव्यातल्या वेगवेगळ्या तालुक्यांतून आलीत पण वाचताना मला सगळ्यांत एकच गोष्ट दिसत होती. वर्गातल्या बाकीच्या मुलांना धडा ज्या दिवशी मिळतो त्याच दिवशी तो आपल्या मुलालाही मिळाला पाहिजे, मग तो कानाने मिळो, बोटांनी मिळो की मोठ्या अक्षरात. कुठलंही यंत्र घेताना मी आधी एवढंच बघते.

प्रश्न : आम्ही डिचोलीजवळ राहतो. मुलगी पाचवीत, मराठी शाळेत, तिला जन्मापासून अल्बिनिझम आहे, म्हणजे त्वचेत आणि डोळ्यांत रंगद्रव्य फार कमी. चष्म्याने आणखी फरक पडणार नाही असं डॉक्टर म्हणाले. पुस्तक नाकाला लावून, मान तिरकी करून वाचते. सासूबाई म्हणतात अशाने आहे ती नजरही जाईल. अक्षर मोठं करून दाखवणारं मशीन बघितलंय, खूप महाग आहे. कर्ज काढून घ्यावं का?

ताई, कर्ज काढू नका, निदान आत्ता तरी नको. आणि आधी सासूबाईंना सांगा की जवळ धरून वाचल्याने नजर जात नाही. जवळ आणलं की अक्षर मोठं दिसतं म्हणून ती आणते, तिचं तिने शोधलेलं भिंगच आहे ते. मान तिरकी करते त्यालाही कारण आहे. अल्बिनिझममध्ये बुबुळं सतत हलत असतात आणि मान एका ठराविक कोनात ठेवली की ती जरा स्थिर होतात, तेव्हा "सरळ बस" म्हणून कोणी ओरडायचं नाही, बाईंनासुद्धा सांगून ठेवा. फक्त पुस्तक टेबलावर सपाट असलं की ती त्यावर वाकते आणि पाठ दुखते, म्हणून तिरका लाकडी स्टँड करून घ्या, गावातला सुतार अर्ध्या दिवसात करून देईल.

प्रकाश तिचा मोठा शत्रू. वर्गात खिडकीकडे पाठ करून पहिल्या बाकावर बसवा, बाहेर जाताना टोपी आणि डॉक्टरांनी सांगितलेला रंगीत चष्मा. वहीला जाड काळ्या रेघा, लिहायला काळं स्केचपेन. फळ्यावरचं वाचायला साधा फोन किंवा टॅब पुरतो, फोटो काढायचा आणि दोन बोटांनी मोठा करायचा. शाळेत फोनला बंदी असली तर हेडमास्तरांना अर्ज देऊन लेखी परवानगी घ्या, तोंडी परवानगी बाई बदलल्या की संपते. आणि प्रश्नपत्रिका मोठी हवी म्हणून झेरॉक्स मोठी करून घेऊ नका. एका शाळेत मी बघितलंय, चादरीएवढा कागद दिला होता, अक्षर मोठं पण फुटलेलं आणि पोरगी तो कागद सावरण्यातच दमली. मूळ फाईलमध्येच अक्षर १८ पॉइंट किंवा तिला लागेल तेवढं मोठं करून साध्या एफोर कागदावर प्रिंट काढायची. एवढं सगळं करून वर्षभराने काय अडतंय ते बघा, मग मशीनचं ठरवू.

प्रश्न : मी सत्तरीतल्या हायस्कूलमध्ये शिकवतो. नववीत एक पूर्ण अंध मुलगा आहे. मी रात्री बसून नोट्स टाईप करतो, पीडीएफ करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. तो म्हणतो फोन वाचतच नाही, किंवा काहीतरी भलतंच वाचतो. माझं काय चुकतंय?

सर, तुमच्यासारखा शिक्षक त्याला मिळालाय हे आधी सांगते, कारण चूक अगदी छोटी आहे आणि ती बहुतेक सगळ्यांची होते.

फोनमधला टॉकबॅक काय किंवा कॉम्प्युटरवरचा एनव्हीडीए काय, हे स्क्रीन रीडर, म्हणजे मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर्स. ती पानावर काय दिसतं ते बघत नाहीत, आत अक्षरं कुठली साठवलीत ती वाचतात. आता तुम्ही पुस्तकाचं पान स्कॅन करून किंवा फोटो काढून पीडीएफ केली असेल तर आत अक्षरं नाहीतच, नुसतं चित्र आहे, म्हणून फोन गप्प बसतो. आणि भलतंच वाचत असेल तर तो फाँटचा घोळ. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षर नसतंच, इंग्रजी अक्षराला मराठीचं रूप चिकटवलेलं असतं. त्यात "कमल" टाईप केलं की तुम्हाला दिसतं कमल, पण आत साठतं डी, ई, वाय. डोळस माणसाला काही कळत नाही, आणि त्या पोराच्या कानात मात्र इंग्रजीचा कचरा पडतो. तो मूर्ख नाही, फोनही बिघडलेला नाही.

उपाय म्हणजे युनिकोड, त्यात मराठी अक्षर आतही मराठी अक्षर म्हणूनच साठतं. फोनच्या मराठी कीबोर्डवर टाईप करा किंवा बोलून टाईप करा, ते युनिकोडच असतं. जुन्या फाइलींसाठी कन्व्हर्टर मिळतात पण रूपांतर झाल्यावर एकदा वाचून बघा, जोडाक्षरं आणि रफार हमखास घोटाळतात. आणि पीडीएफ करूच नका हो, वर्डची फाईल तशीच पाठवा! युनिकोडमध्ये टाईप केलेल्या मराठीची पीडीएफ झाली तरी कधीकधी काना-मात्रा मागेपुढे होतात. वर्डमध्ये धड्याचं नाव, उपशीर्षक हे हेडिंगची स्टाइल लावून द्या, नुसतं बोल्ड करून चालत नाही, कारण हेडिंग असलं की तो थेट एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारू शकतो, नाहीतर बिचाऱ्याने दर वेळी सगळं पहिल्यापासून ऐकायचं का? आकृती असेल तिथे तुमच्या शब्दांत दोन ओळी लिहा, "आकृती पाहा" एवढंच नको.

पाठवण्याआधी स्वतः तपासा. अँड्रॉइडवर टॉकबॅक सुरू करा, बोलण्यासाठी मराठी आवाज निवडा, डोळे मिटा आणि आपलीच फाईल पाच मिनिटं ऐका. कोंकणीचा धडाही देवनागरीत असल्यामुळे मराठी आवाज तो वाचतो, उच्चार थोडे खटकतात पण अर्थ पोचतो. छापील पुस्तकांसाठी त्याला सुगम्य पुस्तकालयाचं सभासद करून द्या, छापील वाचता न येणाऱ्यांसाठी २०१६ साली सुरू झालेलं ऑनलाईन ग्रंथालय आहे, डेझी फोरम ऑफ इंडियाच्या सभासद संस्थांमार्फत चालतं. आणि पुस्तक स्कॅन करून त्याला दिलं तर कॉपीराइटचा गुन्हा होईल का अशी भीती असेल तर ती सोडा, २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यातच अपंग व्यक्तींसाठी तशी सूट दिलेली आहे.

प्रश्न : फोंड्याहून लिहितोय. मुलगा आठवीत, अजिबात दिसत नाही, पण तोंडी हिशोब आमच्याआधी करतो. शाळा म्हणते पुढच्या वर्षी गणित सोडा, सोपा विषय घ्या. आम्हाला काही कळत नाही.

त्याला काय हवंय ते विचारलंत का? त्याला गणित हवं असेल तर सोडू नका, कोणी कितीही समजावलं तरी. अमेरिकेत अब्राहम नेमेथ नावाचे गृहस्थ होते, जन्मांध. त्यांनाही सल्लागारांनी गणित नको, मानसशास्त्र घे म्हणून सांगितलं होतं आणि त्यांनी घेतलंही, पण शेवटी गणिताकडेच वळले, प्राध्यापक झाले, आणि १९५२ मध्ये गणितासाठी स्वतःची ब्रेल पद्धत छापली. ती आज आपल्याकडेही वापरतात.

गणित नुसतं ऐकून का जमत नाही ते सांगते. "एक छेद एक्स अधिक दोन" असं मी बोलले तर अधिक दोन छेदात आहे की बाहेर? ऐकणाऱ्याला कळायला मार्गच नाही. म्हणून गणित बोटाखाली यायला लागतं. आकडेमोडीला टेलर फ्रेम घ्या, अष्टकोनी भोकांची पाटी असते, धातूचा खिळा कुठल्या बाजूला फिरवून बसवला त्यावरून आकडा ठरतो, सोबत अबॅकस. बीजगणिताला नेमेथ ब्रेल. कॉम्प्युटरवर सरांनी वर्डच्या इक्वेशनमध्ये समीकरण लिहिलं तर एनव्हीडीएला मॅथकॅट नावाचा मोफत अ‍ॅड-ऑन जोडून ते तुकड्यातुकड्याने ऐकता येतं, छेद कुठे संपला तेही कळतं, पण समीकरणाचा फोटो डकवला तर सगळं व्यर्थ. भूमितीसाठी महागडं काही लागत नाही. पुठ्ठ्यावर फेविकॉलची रेघ ओढून वाळू द्या, झाला त्रिकोण. आलेखाला सॉफ्टबोर्ड, टाचण्या आणि रबरबँड. हे सगळं नववीच्या आधीच्या सुट्टीतच सुरू करा, वर्ग सुरू झाल्यावर एकदम शिकायला लावलं तर त्याची खरंच दमछाक होईल आणि मग सगळे म्हणतील बघा, सांगितलं होतं.

प्रश्न : मी म्हापशाची, अकरावीत आहे. मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. पुस्तक वाचता येतं पण संध्याकाळी कदंबा बसमधून उतरल्यावर काही दिसत नाही, दिवसासुद्धा बाजूच्या बाकांना आपटते. सगळे म्हणतात वाचता येतंय तर सर्टिफिकेट कशाला, काठी कशाला.

बाय, तुला जे होतंय ते खरं आहे, तू नाटक करत नाहीस. या आजारात डोळ्याच्या पडद्यावरच्या, कमी उजेडात बघणाऱ्या पेशी आधी जातात, मग बाजूचं दिसणं आक्रसत येतं आणि मधला भाग बरेचदा शेवटपर्यंत टिकतो. म्हणून पुस्तक दिसतं आणि बाक दिसत नाही. कायदासुद्धा हे ओळखतो, २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात नुसती अक्षरं किती वाचता येतात तेवढंच नाही, नजरेचं क्षेत्रही मोजतात. ते ४० अंशांपेक्षा कमी असेल तर अल्पदृष्टी, १० पेक्षा कमी असेल तर अंधत्व. तेव्हा डॉक्टरांना पेरिमेट्री, म्हणजे नजरेचं क्षेत्र मोजायची तपासणी, करायला सांग, त्याचा रिपोर्ट घेऊन यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज कर. तक्ता वाचता आला म्हणून कोणी परत पाठवत असेल तर हा मुद्दा शांतपणे पुढे ठेव.

पांढरी काठी आत्ताच शिक, दिवसा दिसतंय तोवर शिकणं सोपं जातं. रोज अर्धा तास स्क्रीन बंद करून एनव्हीडीएवर काम कर, मोफत आहे, कंट्रोल-अल्ट-एन दाबलं की सुरू होतो. बारावीला लेखनिक किंवा जादा वेळ लागणार असेल तर वर्ष सुरू होतानाच कॉलेजमधून पर्वरीला बोर्डाकडे अर्ज जाऊदे. केंद्राच्या २०१८ च्या सूचनांत तासाला किमान २० मिनिटं जादा आहेत, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. आणि तुला आत्ता भीती वाटत असेल ना, ती घरात कोणालातरी सांग, एकटीने वागवू नको.

प्रश्न : पेडण्यातलं आमचं मंडळ. चवथीची वर्गणी उरलीय. गावातल्या तिसरीतल्या अंध मुलीला स्मार्ट चष्मा द्यायचा विचार आहे, चांगला ना?

भावना फार चांगली पण चष्मा नको. तिसरीतल्या मुलीला आधी लिहायला-वाचायला येऊदे. ब्रेल पाटी, टोचणी, जाड कागदांचे गठ्ठे आणि आठवड्यातून दोनदा शिकवायला येणाऱ्या बाईंचं येण्याजाण्याचं भाडं, एवढं वर्षभर द्या. फोन सगळं वाचून दाखवतो मग ब्रेल कशाला असं कोणी म्हणेल, पण नुसतं ऐकून "दिन" आणि "दीन" वेगळे कसे कळणार तिला? आपल्या भाषांसाठीच्या भारती ब्रेलमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ इकाराचे ठिपके वेगळे आहेत, बोटाला कळतात. पैसे उरलेच तर सहावी-सातवीच्या सुमाराला लॅपटॉपसाठी ठेवा, आणि देताना स्टेजवर बोलावून शाल घालून फोटो काढू नका, घरी जाऊन तिच्या आईकडे द्या.