खिशातली पन्नी

पत्र थोडक्यात असं आहे:

"मावशी, लग्नाला साडेचार वर्षं झाली. अडीच वर्षांपासून बाळासाठी प्रयत्न सुरू आहेत. मी ३१, हे ३४. माझ्या सोनोग्राफ्या, थायरॉईड, नळ्यांची तपासणी सगळं झालं. नळ्या मोकळ्या आहेत, अंडंही वेळेवर तयार होतं म्हणतात. फक्त हिमोग्लोबिन ९.८ आहे. वजन ७६ वरून ७० वर आणलं. चहा सोडला, सावजी सोडलं, पोह्यावरची तर्रीसुद्धा सोडली. पपईला हात लावत नाही. सकाळी बिटाचा रस, रात्री शतावरीचं दूध. सोमवार, गुरुवार आणि चतुर्थीचे उपास करते. फॉलिक ॲसिडची गोळी उष्ण पडते असं आई म्हणाल्या, म्हणून बंद केली. हे खूप समजूतदार आहेत, एका शब्दाने टोचून बोलत नाहीत. दवाखान्यात नेऊन सोडतात, माझं होईपर्यंत बाहेर गाडीवर थांबतात. बुटीबोरीला कंपनीत आहेत, महिन्यातले दोन आठवडे नाईट असते. झोप येऊ नये म्हणून खातात, तेवढंच. धुण्याआधी खिशातल्या पन्न्या मी काढून टाकते, आईंना दिसू नयेत म्हणून. आहारात अजून काय बदल करू? तीन महिन्यांची खाण्याची वही सोबत पाठवते आहे. – स., मानेवाडा"

स., तुझी वही मी दोनदा वाचली. किती बदाम भिजवले, किती खजूर खाल्ले, रात्री दूध किती वाजता प्यालीस, सगळं आहे त्यात. एका पानावर तू लिहिलंस, "आज चुलतसासूकडे आग्रह झाला म्हणून अर्धी वाटी रस्सा घेतला," आणि खाली "चुकलं" असं लिहून दोन रेघा मारल्यास. त्या दोन रेघांपाशी मी बराच वेळ थांबले. अर्ध्या वाटी रश्श्याचा हिशेब ठेवणारी बाई नवऱ्याच्या खिशातल्या पन्न्या मोजत मात्र नाही, टाकून देते.

"झोप येऊ नये म्हणून खातात." काय खातात, ते तू लिहिलंच नाहीस. नागपुरात ते लिहावं लागत नाही, पन्नी म्हटलं की खर्रा. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत टाकून ठेल्यावर घोटून देतात, तो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी आपल्याकडे कोपऱ्याकोपऱ्यावर खर्रा घोटला जातो आणि घरोघरच्या बायका धुण्याआधी खिसे तपासतात. तूही त्यातलीच एक. किती पन्न्या निघतात गं एका पँटीतून? दोन? चार? नाईटच्या आठवड्यात जास्त निघत असतील.

मला राग आलाय आणि तो मी लपवत नाही. तुझ्या पत्रात नवरा समजूतदार आहे, टोचून बोलत नाही. पण कशावरून टोचणार होता तो? तुझे सगळे रिपोर्ट तुझ्या फाइलमध्ये आहेत आणि एक हिमोग्लोबिन सोडलं तर चांगले आहेत. त्याचा एकही रिपोर्ट नाही. नळ्यांच्या तपासणीला किती कळा येतात ते मला माहीत आहे. त्या कळा तू आत सोसत होतीस आणि ज्याची तपासणी एका प्लास्टिकच्या डबीत, न दुखता, अर्ध्या तासात होते, तो माणूस बाहेर गाडीवर बसला होता. बहुधा खर्रा चघळत. याला साथ म्हणायला मी तयार नाही.

मूल होत नसलेल्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचं काही ना काही कारण असतं. कधी ते एकटंच असतं, कधी बाईच्या कारणाच्या जोडीला. म्हणून पस्तिशीच्या आतल्या बाईला वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, पस्तिशीनंतर सहा महिन्यांत राहिले नाहीत, की दोघांना एकदमच तपासायचं असतं. आधी तिला आणि तिचं सगळं संपल्यावर त्याला, असा क्रम नाही. तुमची अडीच वर्षं झाली.

आता खर्रा काय करतो ते ऐक. तंबाखूतलं निकोटिन गालाच्या आतल्या नाजूक त्वचेतून सरळ रक्तात जातं आणि त्याचा अंश वीर्यातही सापडतो. तंबाखू चघळणाऱ्या भारतीय पुरुषांची तपासणी झालेली आहे. खाण्याचं प्रमाण वाढलं तसे शुक्रजंतू कमी, मंद आणि वेड्यावाकड्या आकाराचे जास्त दिसले. धूर काढत नाही, नुसतं चघळतो, म्हणून बाधत नाही, हा समज ठेल्यावर खपतो, शरीरात खपत नाही. सुपारीचं म्हणशील तर तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच सांगितलंय. खर्रा खाणाऱ्याचं तोंड हळूहळू आखडत जातं. पूर्ण पोळीचा घास जाईना झाला की मग घरच्यांच्या लक्षात येतं. तुझ्या नवऱ्याला तोंडात तीन बोटं उभी धरून घालून पाहायला सांग. जात नसतील तर त्याला दातांच्या डॉक्टरकडेही जावं लागेल, आणि ते टाळायचं नाही.

एक गोष्ट तुझ्या बाजूची आहे. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, पुढे ते पक्के होऊन बाहेर यायला आणखी दोनेक आठवडे. म्हणजे आज तपासणी केली तर तिच्यात गेल्या तीन महिन्यांचं आयुष्य दिसतं. मे महिन्यातली नाईट, पंचेचाळीस अंशांतली गाडी, जागरणं, पन्न्या, सगळं. मधे कडक ताप येऊन गेला असेल तर तोही. अंडकोष शरीराच्या बाहेर आहेत ते उगाच नाहीत, त्यांना शरीरापेक्षा दोन-चार अंश थंड राहावं लागतं. पण दर तीन महिन्यांनी त्याचा माल नव्याने घडतो, तुझ्या अंड्यांचं तसं नसतं. ती तू जन्माला येतानाच सोबत आणलेली असतात. ज्याला तीन महिन्यांत सुधारता येतं त्याने हात बांधून बसायचं आणि जिला तेवढी सोय नाही तिने अर्ध्या वाटी रश्श्याला "चुकलं" म्हणायचं, हे मला पाहवत नाही.

खर्रा सोडला की मूल होईल, असं मी लिहिणार नाही. तो सुटूनही कारण दुसरंच निघू शकतं. अंडकोषाच्या शिरा फुगलेल्या असतात, जुना संसर्ग असतो, हार्मोनचा प्रश्न असतो, आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. पण बघितल्याशिवाय कळणार कसं?

मी एवढी चिडते त्याला कारण आहे. माझी मोठी जाऊ चौदा वर्षं वाट पाहत राहिली. दर संकष्टीला मी तिच्यासोबत टेकडीच्या गणपतीला जायची, तिचं ताट वेगळं वाढायची, तिच्यासाठी कुठून कुठून औषधं आणायची. भाऊजींनाही एकदा तपासायला हवं, हे त्या चौदा वर्षांत मला एकदाही सुचलं नाही. भाऊजींच्या शर्टाचे खिसे तीही धुण्याआधी रिकामे करायची. तिला आता विचारता येत नाही, आणि तिच्यात काही दोष होता की नव्हता ते कुणालाच ठाऊक नाही. सगळ्या गावाने मात्र ठरवून टाकलं होतं.

तेव्हा तुला एकच काम सांगते. पुढच्या वेळी दवाखान्यात तो आत जाईल आणि तू बाहेर बसशील. वीर्याची तपासणी लिहून घ्यायची आणि त्याच आठवड्यात करायची. ड्युटीचं कारण चालणार नाही, नाईटच्या आठवड्यात दिवस मोकळाच असतो. आजपासून पन्न्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत. एका डब्यात जमव आणि तो डबा पर्समध्ये घेऊन जा. तंबाखू खाता का, असं डॉक्टर विचारतीलच. तो "कधीमधी" म्हणेल, सगळे तसंच म्हणतात. मग डबा टेबलावर ठेव. सासूबाईंच्या नजरेस पडल्या तर पडू देत. लेक काय खातो ते आईला कळलेलं बरं. त्याची चोरी तू का झाकतेस? तुझी गोळी बंद करायला त्यांना कुणाची परवानगी लागली नाही, मग ही गोष्ट त्यांच्यापासून लपवायची कशाला?

तपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध ठेवायचा नाही, त्याहून कमी नाही की जास्त नाही. नमुना लॅबमध्येच दिलेला चांगला. घरून न्यायचा असेल तर तासाभरात पोचवायचा, अंगाजवळ धरून, फ्रीजमधल्या पिशवीत नाही. नमुना पूर्ण डबीत यायला हवा. सुरुवातीचा भाग सांडला तर ते लपवू नका, सांगा, कारण बहुतेक शुक्रजंतू त्यातच असतात. रिपोर्ट हातात आला की इंटरनेटवर शोधत बसू नका. एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख ही खालची मर्यादा धरतात, पुढे सरकणारे ३० टक्के. आणि नीट आकाराचे ४ टक्के असले तरी ते नॉर्मल असतं. हा चारचा आकडा पाहून नवरे हादरतात, तुमच्या घरी तसं व्हायला नको. पहिला रिपोर्ट वाईट आला तर काही आठवड्यांनी दुसरा करतात, एका कागदावर निकाल लागत नाही. आकडा शून्य आला तरी तो आजार आहे. त्याचा मर्दपणाशी काडीचा संबंध नाही आणि त्यावरून त्याला घरात कुणी काही बोललं तर तेही मला चालणार नाही.

आता तू विचारलेलं. वजन सहा किलो उतरवलंस, खूप झालं. अजून उपाशी राहायचं नाही. ९.८ हिमोग्लोबिन असलेल्या बाईने आठवड्यात दोन दिवस साबुदाण्यावर काढायचे, हे मला मान्य नाही. बाईचं हिमोग्लोबिन निदान १२ तरी हवं. उपास सोड आणि त्या दिवशी वरण-भात, अंबाडीची भाजी, मुगाची उसळ, चालत असेल तर दोन अंडी खा. जवसाची चटणी रोज घे. जेवणासोबत लिंबू किंवा संत्रं घेतलंस तर लोह अंगी लागतं. चहा जेवणाला चिकटून नको, तासभर मधे जाऊ दे, पण दोन कप चहा प्यायला हरकत नाही, सोडायची गरजच नव्हती. लोहाच्या गोळ्या डॉक्टर देतील. पिकलेल्या पपईने कुणाचे दिवस अडत नाहीत. सावजीनेही नाही. तर्री खा, बाई.

फॉलिक ॲसिड आजच सुरू कर, रोज ४०० मायक्रोग्रॅम. ती गोळी उष्ण नसते. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून पहिल्या २८ दिवसांत मिटते. तेव्हा पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून गोळी आधीपासून पोटात असावी लागते. सासूबाईंना हे एवढं वाचून दाखव, त्याही आई आहेत, ऐकतील.

नाईटमुळे डॉक्टरांनी सांगितलेला दिवस चुकतो, असं तू वहीच्या मागच्या पानावर लिहिलंस. त्या एका दिवसामागे धावू नका. अंडं सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस, असे सहा दिवस तुमच्या हातात असतात. पाळी संपल्यावर दोन-तीन दिवसांआड एकत्र आलात तरी पुरतं.

हे शेवटचं त्याच्यासाठी, त्याच्या हातात दे.

जावईबापू, तंबाखू सोडवायला सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. तंबाखूच्या पुड्यावर हा नंबर छापलेला असतो. तुमच्या पन्नीवर काहीच छापलेलं नसतं, म्हणून इथे देते. मराठीतही बोलतात. पहिले तीन-चार दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, नाईटला डोळे मिटतील. कंपनीत सांगून तो आठवडा दिवसाची पाळी मागून घ्या. खिशात सुपारी ठेवू नका, भाजलेले फुटाणे ठेवा. आज सोडलात तर तीन महिन्यांनी केलेल्या तपासणीत नवा माल दिसेल. दवाखान्याचं दार आतून कसं दिसतं ते तुमच्या बायकोला पाठ आहे. तुम्ही अजून पाहिलेलं नाही. या शनिवारी बघून या. आणि पुढचं पत्र तिच्याकडून नको, तुमच्या हातचं यावं, रिपोर्टसकट.

– मावशी