वाचकांचे प्रश्न: घरातले कॉकपिट कोठून सुरू करावे?

घरी फ्लाइट सिम्युलेटरचे, म्हणजे संगणकावर विमान उडवण्याच्या सॉफ्टवेअरसाठीचे, कॉकपिट उभारण्याविषयी आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत, कारण एकाचे उत्तर दुसऱ्याच्या उपयोगी पडावे असे त्यांचे स्वरूप आहे.

प्रश्न: गच्चीवर दहा बाय दहाची पत्र्याची खोली रिकामी आहे. तेथे बोइंग 737 चे पूर्ण कॉकपिट हुबेहूब उभे करावे अशी फार वर्षांची इच्छा आहे. सुताराकडून सांगाडा करून घेण्यापासून सुरुवात करू का? (शिक्षक, लातूर)

सांगाड्यापासून सुरुवात करू नये, आणि 737 पासून तर मुळीच करू नये, असे मी आपल्याला आग्रहाने सांगेन. 737 मध्ये डोक्यावरचे पॅनेल, समोरचे मुख्य पॅनेल, दोन आसनांमधला चौथरा आणि ऑटोपायलटची पट्टी मिळून शेकडो बटणे व दिवे असतात. त्यातले प्रत्येक बटण सॉफ्टवेअरला जोडून चालते ठेवावे लागते, आणि अर्धवट जोडलेले 737 उडवण्यात समाधान मिळत नाही. याउलट सेसना 172 चे पाहा. हे विमान 1955 मध्ये पहिल्यांदा उडाले, चाळीस हजारांहून अधिक संख्येने बनले, आणि आजही जगभरातील प्रशिक्षण संस्थांत त्यावरच हात बसवला जातो. जुन्या पद्धतीच्या 172 मध्ये वैमानिकासमोर सहा मुख्य उपकरणे दोन ओळींत असतात: वर वेग, क्षितिज आणि उंची; खाली वळण, दिशा आणि चढ-उताराचा दर. केबिनची रुंदी सुमारे 40 इंच भरते, त्यामुळे ती आपल्या खोलीत ऐसपैस मावते. पंख्याची (प्रोपेलरची) पाती स्थिर कोनाची असल्यामुळे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारे काळ्या मुठीचे थ्रॉटल आणि इंधन-हवेचे मिश्रण ठरवणारे लाल मुठीचे मिक्श्चर एवढ्या दोन दांड्यांवर इंजिनाचे बहुतेक काम भागते.

सुरुवात आपल्या शरीरापासून करावी. डोळा कोठे येतो, हात कोठे पोहोचतात आणि पाय कोठे टेकतात, या तीन जागा आधी ठरल्या पाहिजेत. बाकी सारे त्यांच्याभोवती बसवायचे असते. भंगार बाजारात मोटारीचे पुढचे सीट त्याच्या सरकत्या पट्ट्यांसह मिळते, ते घ्यावे. ते पाटावर पक्के बसवून समोर पॅनेल जाड पुठ्ठ्याचे, प्रत्यक्ष मापाचे कापून उभे करावे. विमानातील उपकरणाचे प्रचलित भोक 3⅛ इंचांचे, म्हणजे सुमारे 79 मिलिमीटरचे असते. तेवढी वर्तुळे पुठ्ठ्यावर काढावीत. त्या पुठ्ठ्यापुढे बसून, फ्लाइटगिअरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये साध्या जॉयस्टिकने काही आठवडे विमान उडवावे. गुडघा पॅनेलच्या खालच्या कडेला लागतो का, थ्रॉटलकडे हात नेताना खांदा पुढे झुकतो का, हे पुठ्ठाच आपल्याला सांगेल. पुठ्ठा पुन्हा कापायला पाच मिनिटे लागतात. 18 मिलिमीटरचे प्लायवूड पुन्हा कापायचे तर सुताराला पुन्हा बोलवावे लागते.

मापे पक्की झाली की प्लायवूडकडे वळावे आणि जोड फेव्हिकॉलने न चिकटवता नट-बोल्टने करावेत. गच्चीवरील खोल्यांची दारे बहुधा अरुंद असतात. चाळीस इंची पॅनेल बाहेर जोडून आत नेता येत नाही, आणि उद्या घर बदलले तर ते बाहेरही काढता येत नाही. उपकरणांसाठी पॅनेलमागे एकच मॉनिटर लावून भोकांतून तबकड्या दिसतील अशी रचना करावी. खऱ्या काट्यांची उपकरणे पुढे केव्हाही करता येतील. पॅनेलचा पुढचा ॲक्रिलिकचा पत्रा लेझरने कापून घ्यायचा असेल तर आराखडा संगणकावर काढून न्यावा. ते काम छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींत होते, लातुरातील फलक बनवणारे कारागीरही बहुधा करून देतील.

खोलीबाबत मात्र मला काळजी वाटते. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत बाहेरचा पारा 40 अंशांच्या पुढे जातो, आणि पत्र्याखाली त्याहून अधिक तापते. अशा हवेत संगणकाचा प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो आणि चित्र अडखळू लागते; बसणाऱ्याचे हाल वेगळेच. घरात माळवदाची किंवा स्लॅबखालची एखादी लहान खोली असेल तर सहा बाय आठ फुटांतही 172 बसते. माळवदाची माती झडते, तेव्हा तेथे वरून कापडी छत ताणून घ्यावे. गच्चीवरच करायचे ठरले तर पत्र्याखाली उष्णतारोधक छत बसवण्याचा खर्च संगणकाच्या आधी धरावा.

प्रश्न: एक मोठा टीव्ही घ्यावा की तीन मॉनिटर? दुकानदार म्हणतो की तीन मॉनिटरचा भार संगणकाला पेलणार नाही. (अभियंता, छत्रपती संभाजीनगर)

दुकानदाराचे म्हणणे आकड्यांत तपासून पाहू. फुल एचडीच्या तीन पडद्यांवर मिळून सुमारे 62 लाख पिक्सेल असतात, तर एकाच 4के टीव्हीवर सुमारे 83 लाख. तीन पडद्यांवर अधिक रुंद देखावा रेखाटावा लागत असल्याने थोडा जादा भार पडतो हे खरे, तरी 4के टीव्ही पेलणारा संगणक तीन साध्या मॉनिटरना घाबरण्याचे कारण नाही.

खरा प्रश्न दृष्टीच्या कोनाचा आहे. 43 इंची टीव्हीची रुंदी सुमारे 95 सेंटिमीटर असते. तो डोळ्यांपासून 90 सेंटिमीटरवर ठेवला तर सुमारे 56 अंशांचा देखावा योग्य प्रमाणात दिसतो. 24 इंची तीन मॉनिटर 60 सेंटिमीटरवर कमानीत मांडले तर हाच कोन 140 अंशांच्या पुढे जातो. याचे महत्त्व उतरताना कळते. आपल्या चिकलठाणा विमानतळाच्या 09 क्रमांकाच्या, पूर्वेकडे तोंड असलेल्या धावपट्टीवर डावीकडून फेरी घेऊन उतरायचे असेल, तर फेरीच्या बऱ्याच भागात धावपट्टी आपल्या डाव्या खांद्याच्या दिशेला असते आणि वळण केव्हा घ्यायचे हे तिच्याकडे पाहूनच ठरते. 56 अंशांत ती दिसतच नाही.

म्हणून धावपट्टीभोवती फेऱ्या घेण्याचा सराव करायचा असेल तर तीन मॉनिटर घ्यावेत. एक्स-प्लेन 12 या सिम्युलेटरच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पडद्याचा कोन वेगळा भरता येतो. एकच टीव्ही घ्यायचा झाला तर ओपनट्रॅक हे मोफत सॉफ्टवेअर आणि साधा वेबकॅम यांच्या साहाय्याने डोके वळवताच देखावा वळेल अशी सोय करावी, आणि टीव्ही गेम मोडवर ठेवावा, नाहीतर हात हलवणे आणि चित्र हलणे यांत जाणवण्याइतका उशीर होतो. जुळवणी झाली की चिकलठाण्याहून उड्डाण करून पैठणला जावे. 172 मधून सुमारे पंधरा मिनिटांत नाथसागर समोर येतो, आणि तेवढ्या प्रवासात दिशा, उंची व खालची ओळखीची जमीन यांचा मेळ बसतो की नाही हे कळते. निघण्यापूर्वी उंचीमापकात त्या वेळचा हवेचा दाब योग्य भरला असेल तर जमिनीवर उभ्या विमानातही तो सुमारे 1900 फूट, म्हणजे विमानतळाची समुद्रसपाटीपासूनची उंची, दाखवेल.

प्रश्न: माझे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. रडर पेडल (विमानाचे नाक डावी-उजवीकडे वळवणारे पायाचे पेडल) लोखंडात स्वतः तयार केले, त्याची हालचाल मोजायला पोटेन्शिओमीटर (फिरवल्यावर रोध बदलणारा भाग) आणि ती संगणकाला कळवायला अर्डुइनो लिओनार्डो बोर्ड लावला. पण पाय सोडला तरी आकडा थरथरतो आणि उड्डाणाच्या वेळी विमान डावीकडे ओढते. चूक कोठे आहे? (जालना)

येथे दोन वेगवेगळ्या गोष्टी एकात मिसळल्या आहेत, आणि त्यांतली एक बहुधा चूकच नाही. एका पंख्याच्या विमानात इंजिन पूर्ण जोरात आणि वेग कमी असताना विमानाचे नाक डावीकडे जाते. पंख्याचा वळसे घेत मागे येणारा झोत शेपटीच्या उभ्या पात्यावर एका बाजूने आदळतो, इंजिनाच्या फिरण्याची प्रतिक्रिया विमानाला डावीकडे कलवते, आणि नाक वर असताना पंख्याचे खाली येणारे उजवे पाते अधिक ओढते. खरा वैमानिक उड्डाणाच्या धावेत उजवे पेडल दाबून धरतो ते यासाठीच. तेव्हा इंजिन बंद ठेवून, विमान जमिनीवर उभे असताना, सॉफ्टवेअरमधल्या कॅलिब्रेशनच्या (पेडलचा मध्य आणि टोके जुळवण्याच्या) खिडकीत आकडा पाहावा. तेथे तो मध्यावर असेल तर आपले पेडल निर्दोष आहे आणि सॉफ्टवेअरही आपले काम नीट करत आहे.

थरथरीचे कारण मात्र आपल्या जोडणीत आहे. साधा पोटेन्शिओमीटर सुमारे 300 अंश फिरतो आणि बोर्ड त्या पूर्ण फेऱ्याचे 1024 भाग करतो. पेडलचा दांडा जर 40 अंशच फिरत असेल, तर आपल्या वाट्याला त्यांतले जेमतेम 136 भाग येतात. मग विजेच्या तारेतला किंचित गोंगाटही पेडल हलल्यासारखा दिसतो. प्रथम पोटेन्शिओमीटरवरचा छाप वाचावा. बी10के असेल तर तो सरळ प्रमाणात बदलणारा असतो आणि तोच हवा. ए10के हा आवाजाच्या बटणासाठीचा असतो, त्याने पेडल एका बाजूला मंद आणि दुसऱ्या बाजूला एकदम तीव्र वाटते. छाप बरोबर असेल तर दोन दातेरी चक्रे एकास पाच किंवा एकास सहा या प्रमाणात घालावीत, म्हणजे पेडलच्या 40 अंशांत पोटेन्शिओमीटर 200 ते 240 अंश फिरेल. मधल्या टोकापासून ग्राउंडपर्यंत 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला तर उरलेली थरथर बरीच निवते.

आपल्यासारख्या कारागिराने मात्र पुढच्या खेपेस पोटेन्शिओमीटर सोडून हॉल सेन्सर वापरावा, असे मला मनापासून वाटते. पोटेन्शिओमीटरमध्ये आत एक पत्ती कार्बनच्या पट्टीवर घासत असते. आपल्याकडची धूळ त्यात शिरली की वर्षा-दोन वर्षांत आकडा उड्या मारू लागतो. हॉल सेन्सर चुंबकीय क्षेत्र मोजतो, त्यात काहीच घासत नाही. फिरत्या दांड्याच्या टोकाशी दोन लहान चुंबके विरुद्ध ध्रुव समोरासमोर येतील अशी बसवावीत आणि मध्ये सेन्सर स्थिर ठेवावा. आपला सांगाडा लोखंडी आहे, हे येथे आडवे येईल: जवळचे लोखंड चुंबकीय क्षेत्र वाकवते. म्हणून चुंबकांचे घर नायलॉनच्या किंवा ॲल्युमिनियमच्या तुकड्यात लेथवर करून घ्यावे आणि ते लोखंडापासून दोन-तीन सेंटिमीटर दूर ठेवावे.

आणि बेअरिंगमधला खुळखुळाट आधी काढावा. दोन्ही बाजूंनी समान ताणाच्या स्प्रिंग असल्या तरी खिळीत अर्धा मिलिमीटरही सैलपणा असला, तर पेडल दर वेळी मध्यावर परत येत नाही, आणि सॉफ्टवेअरमध्ये मृत पट्टा (मध्याजवळची हालचाल दुर्लक्षिली जाणारा भाग) कितीही वाढवला तरी तो दोष झाकला जातो, जात नाही.

प्रश्न: आमच्याकडे भारनियमन आणि कमी-जास्त दाब नेहमीचा. उपाय? (बीड)

साइन वेव्हचा इन्व्हर्टर घ्यावा आणि तो यूपीएस मोडवर ठेवावा, म्हणजे वीज जाताना संगणक बंद पडत नाही. त्याहून महत्त्वाचे अर्थिंगचे. धातूचा सांगाडा, संगणक आणि दिव्यांच्या तारा एकत्र आल्या की खराब अर्थिंगचा झटका हाताला बसतो. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळून कोरडी पडते आणि अर्थिंगचा खड्डा निकामी होऊ लागतो. त्यात पाणी घालत राहावे आणि वायरमनकडून न्यूट्रल व अर्थ यांमधला व्होल्टेज मोजून घ्यावा. पॅनेलवरच्या प्रत्येक लाल एलईडीला 5 व्होल्टवर 330 ओहमचा रेझिस्टर लावावा आणि सर्व बोर्ड स्वतंत्र वीज असलेल्या यूएसबी हबवर घ्यावेत.

प्रश्न: मुलगी अकरावीत आहे, वैमानिक व्हायचे म्हणते. घरी कॉकपिट करून दिले तर तिच्या उड्डाणाच्या तासांत ते धरले जाईल का? (पालक, नांदेड)

धरले जाणार नाही. व्यावसायिक परवान्यासाठी 200 तासांचे उड्डाण लागते आणि त्यात सिम्युलेटरची थोडी सवलत मिळते ती डीजीसीएने (केंद्र सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) मान्य केलेल्या यंत्रावरच. तरीही तिला कॉकपिट करून द्यावे, असेच मी म्हणेन. एडविन लिंक या तरुणाने 1929 मध्ये वडिलांच्या ऑर्गन कारखान्यातील भाते वापरून पहिले यशस्वी प्रशिक्षण यंत्र बनवले, आणि ढगांतून टपाल नेताना झालेल्या अपघातांनंतर 1934 मध्ये अमेरिकी सैन्याने ती यंत्रे विकत घेतली. बाहेरचे काहीच दिसत नसताना उपकरणांवर विसंबून विमान सरळ ठेवणे हे ते यंत्र शिकवत असे, आणि घरचे कॉकपिटही आजतागायत तेच सर्वांत चांगले शिकवते. जोडीला तपासणीची यादी क्रमाने वाचण्याची आणि नियंत्रकाशी इंग्रजीत नेमके बोलण्याची सवय लागते. व्हॅटसिम या मोफत जाळ्यावर नियंत्रकाच्या जागी खरी माणसे बसलेली असतात.

धोका एकच, की मुले तबकड्यांकडेच पाहत राहतात. खऱ्या प्रशिक्षणात पहिले तास बाहेर, क्षितिजाकडे पाहून उडायचे असतात, आणि घरी लागलेली सवय मोडायला तेथे महागडे तास जातात. तिच्या सरावातला निम्मा वेळ पॅनेलवर कागद लावून, फक्त इंजिनाचा आवाज आणि क्षितिज यांवर विमान उडवायला सांगावे. आणि एक रुपयाही खर्च करण्यापूर्वी तिची क्लास 2 वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, विशेषतः रंगदृष्टीची. पुढे व्यावसायिक परवान्यासाठी क्लास 1 लागते, त्यातली संभाव्य अडचण आत्ताच कळलेली बरी.