महाडहून एका दिवसात पायी रायगड चढून गंगासागर तलाव पाहून परत येता येईल का? चालायची मध्यम सवय आहे.

हो, आरामात येता येईल, फक्त सकाळी सातच्या आसपास पायथ्याच्या चित दरवाज्यापाशी चढायला लागा. मी महाडचाच आहे, पाहुण्यांना घेऊन याच वाटेने जातो. महाड ते पायथ्याचं पाचाड गाव गाडीने साधारण २५ किलोमीटर. पुढे सुमारे दीड हजार पायऱ्या, आणि मध्यम चालीने दीड ते दोन तास. खरा दम निघतो तो महादरवाज्याच्या आधीच्या टप्प्यात: पायऱ्या उंच, वापरून गुळगुळीत झालेल्या आणि नऊनंतर ऊन थेट अंगावर. दरवाजा ओलांडला तरी माथा आला असं समजू नका, अजून चढ आहे. वर आधी हत्ती तलाव लागतो, मग मनोऱ्यांच्या पायथ्याशी गंगासागर. काठावर बसा, पाण्यात मात्र उतरू नका. माणशी दोन लिटर पाणी घ्या. वाटेत ताक-सरबत मिळतं, पण त्यावर विसंबू नका. बाजारपेठ, जगदीश्वर आणि समाधी धरून वर तीन तास तरी ठेवा. उतरताना गुडघे कुरकुरले तर हिरकणीवाडीत उतरणारा रोपवे आहे, मात्र सुट्टीच्या दिवशी रांग मोठी असते.

हे सगळं नोव्हेंबर ते फेब्रुवारीसाठी. भर पावसात हा बेत नकोच: जुलै २०२४ मध्ये याच पायऱ्यांवरून पाण्याचे लोंढे वाहिले आणि पर्यटक अडकले होते.