जुन्या एलपी वाजवताना सतत चरचर येते, ती कशी कमी करावी?

तबकडी पाण्याने धुवा आणि सुई साफ करा. धुळीमुळे येणारी चरचर यानेच सर्वांत जास्त कमी होते. सुई खोबणीच्या भिंतींना घासत जाते, त्यामुळे तिथे चिकटलेला प्रत्येक कण ऐकू येतो, आणि कोरड्या फडक्याने पुसलं तर तो आणखी आत बसतो. 1 लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बिनवासाच्या सौम्य लिक्विड सोपचे 2-3 थेंब टाका, मऊ ब्रशने खोबणीच्या दिशेनेच गोल फिरवत धुवा, लेबल कोरडं ठेवा. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा खंगाळा. हे टाळूच नका: वाळलेला साबण सुईवर जमतो आणि आवाज उलट वाढतो. नळाच्या पाण्यातले क्षारही तसेच मागे राहतात. तबकडी उभी वाळवून नव्या अँटिस्टॅटिक (स्थिर वीज साचू न देणाऱ्या) कव्हरमध्ये ठेवा. जुन्या कव्हरातली धूळ पुन्हा चिकटते.

सुई मागून पुढेच झाडावी, आडवा ब्रश फिरवला तर तिची दांडी वाकते. ट्रॅकिंग फोर्स, म्हणजे सुईचा तबकडीवरचा भार, कार्ट्रिजच्या (सुई ज्यात बसवलेली असते त्या भागाच्या) माहितीपत्रकाप्रमाणे ठेवा; वजन कमी ठेवल्यास सुई खोबणीत उडते आणि भिंतींना इजा करते. हवा कोरडी असेल तर दर वेळी वाजवण्याआधी तबकडीवर कार्बन फायबर ब्रश फिरवा, कारण स्थिर विजेचीही टकटक होते.

मात्र 33⅓ आरपीएमला (मिनिटाला 33⅓ फेरे) दर 1.8 सेकंदांनी, म्हणजे दर फेऱ्याला एकदा, नेमकी टक ऐकू येत असेल, तर तो बहुधा ओरखडा आहे. तो धुऊन जात नाही. आणि शेलॅकच्या (लाखेच्या) जुन्या 78 आरपीएम तबकड्यांना अल्कोहोल अजिबात लावू नका, शेलॅक त्यात विरघळतं.