शेळीतला छ

प्रश्न : शेळ्या-मेंढ्यांच्या पीपीआर रोगाच्या विषाणूचा आपल्याकडे 'लीनिएज ४' आहे म्हणतात. त्याला मराठीत 'चौथी पिढी' म्हटलं तर चालेल का? आणि विषाणू 'उत्क्रांत झाला' म्हणजे नेमकं काय झालं? (एक वाचक, ता. सांगोला)

उत्तर : नाही चालणार. 'चौथी कुळी' म्हणा.

ही 'चौथी पिढी' ऐकून ऐकून कान किटले आहेत. मोबाइलच्या फोर-जीतला जी उचलून कुणीतरी शेळीच्या रोगाला चिकटवलेला दिसतो. नुसती भाषा बिघडली असती तर एवढा तडकलो नसतो. पण परवा सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात एक जण दुसऱ्याला बजावत होता, "चौथी पिढी आलीया, आता जुनी लस लागू व्हत न्हाई." एका चुकीच्या शब्दापायी माणूस लस टोचायची टाळणार असेल, तर मग बोलायलाच हवं.

पिढी म्हटली की क्रम आला : आजा, बाप, लेक, नातू. आधीची सरली, नवी आली. लीनिएजचे आकडे तसे नाहीतच. पहिल्या दोन कुळी मुख्यतः पश्चिम आफ्रिकेतल्या, तिसरी पूर्व आफ्रिका आणि अरबस्तानातली, चौथी आशियातली. चौथी ही तिसरीची लेक नव्हे. चौघी एकमेकींच्या भावकीतल्या. रोगाची पहिली नोंद १९४२ सालची, आयव्हरी कोस्टमधली. भारतातली १९८७ ची, तमिळनाडूतल्या अरासूर गावची. पुढे २००८ साली मोरोक्कोत साथ आली ती या 'आशियाई' चौथीचीच. म्हणजे चौथी आता आफ्रिकेतही नांदते आहे. चौघींचा सामाईक पूर्वज विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा असावा, असा २०१४ मधल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे.

आणि आकड्याने घाबरायचं काय? आपल्याकडे शहाण्णव कुळी आहेत. त्या शहाण्णव पिढ्या आहेत असं आजवर कुणी म्हटलं आहे का? कुणी 'वंशावळ' सुचवतं. तेही नको. वंशावळ म्हणजे अख्खं झाड, आपल्याला त्यातली एक फांदी हवी आहे. 'वंश' जीवशास्त्रात आधीच दुसऱ्या कामाला लावलेला आहे. कुळी बरी.

लशीचं एका दमात सांगतो. आपल्याकडच्या सुंग्री ९६ लशीचा मूळ विषाणू चौथ्या कुळीचा, आफ्रिकेत चालणाऱ्या नायजेरिया ७५/१ चा दुसऱ्या कुळीचा. दोन्ही लशी चारही कुळींवर लागू पडतात, कारण कुळी चार असल्या तरी या विषाणूचा सीरोटाइप, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला ओळखू येणारा प्रकार, एकच आहे. एकदा टोचली की निदान तीन वर्षं बघायला नको.

आता खरी मजा. कुळी ठरवतात कशी? हा विषाणू गोवर आणि बुळकांडीच्या घराण्यातला. त्याचा जनुकसंच, म्हणजे सगळी आनुवंशिक माहिती, आरएनए नावाच्या रेणूत लिहिलेला, १५,९४८ अक्षरांचा. नक्कल करताना अक्षर चुकलं तर ते तपासून दुरुस्त करायची सोय त्याच्याकडे नाही. चुकलेलं अक्षर तसंच पुढच्या नकलेत जातं, तिथून तिच्या पुढच्या. मग ठिकठिकाणच्या नमुन्यांतला एन नावाच्या जनुकाचा तुकडा वाचायचा आणि त्याच जागी तेच बदल दिसणारे नमुने एका कुळीत घालायचे. भाषांच्या शाखा आम्ही अशाच लावतो! आणि त्याचा उत्तम पुरावा रोगी जनावराच्याच नावात आहे.

शेळी. संस्कृतात छगल, छागल, पुढे छेलिका, प्राकृतात छेलिआ. हिंदी पट्ट्यात छेरी. मराठीने मात्र या 'छ'ची वाट लावली, त्याचा स केला. मत्स्याचा मच्छ, मच्छाचा मासा, हिंदीत मछली. वत्साचा वच्छ, त्यातून आपलं वासरू, हिंदीत बछडा. क्षुरिकेची छुरी, आपली सुरी. इक्षूचा उच्छू, आपला ऊस. पुढे इ-ए असला की स चा श होतो : मच्छिआची माशी, छेत्ताचं शेत आणि छेलिआची शेळी. एकच बदल, त्याच जागी, शब्दामागून शब्दात. यावरून मराठीची कुळी ओळखता येते. पण म्हणून शेळी ही छेरीची 'पुढची पिढी' झाली का? दोघी आज नांदतात, दोघी दूध देतात.

शेरडू याच घरचं. त्यावरून सोलापुरातल्या एका जाणकारांशी माझा जुना वाद आहे. ते म्हणतात, शेरडूतला 'डू' म्हणजे कन्नडमधला आडु, म्हणजे शेळी. आपण सीमेवरचे, तेव्हा निम्मा शब्द तिकडचा. ऐकायला गोड आहे. सोलापुरात निम्मं बोलणं तिकडचं असतं, हेही खरं. पण मग म्हशीच्या पारडूचं काय करायचं? तेही शेळीच का? हा आपला जुना, अपभ्रंश या प्राकृतानंतरच्या भाषेतला 'ड' आहे. अर्थ न बदलता शब्दाच्या शेपटीला लागतो : चर्माचं चामडं, अंत्राचं आतडं, आणि वर आलेला बछडा. शेळ + डू, आणि ळ-ड लागोपाठ जिभेला जड म्हणून ळ चा र. हा शेवटचा टप्पा माझा तर्क आहे, पण आडुपेक्षा शंभर पटींनी बरा. जाणकारांनी पारडूचं उत्तर अजून दिलेलं नाही.

एक सावधगिरी. सांगोला-मंगळवेढ्याकडे बरेच धनगर मेंढीलाच बकरी म्हणतात आणि शेळीला शेरडू. त्यामुळे 'बकऱ्यांचा रोग' अशी पाटी लावली, तर शेरडंवाले म्हणणार आपला संबंध नाही. रोग दोघींना होतो. पाटीवर 'शेरडं-मेंढरं' लिहा.

राहिला 'उत्क्रांत'. उत् + क्रम् म्हणजे बाहेर पडणं. जुन्या ग्रंथांत उत्क्रांती म्हणजे प्राण देह सोडून जाणं, आणि त्या वेळी दान द्यायची ती उत्क्रांतिधेनू. विज्ञानवाल्यांनी हा शब्द उचलला तेव्हा त्यातलं मरण गेलं आणि 'उत्'मुळे लोकांना उगाच उन्नतीचा भास होऊ लागला. विषाणू उत्क्रांत झाला म्हणजे सुधारला किंवा तगडा झाला असं नाही. अक्षरं बदलली आणि त्यातली काही टिकली, एवढंच. उत्क्रांतिधेनूवर लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते कुणी विचारलं तर.